मातीचा गडी आणि शनिवारचं कुलूप

मुलांनो, २०२५ च्या मे महिन्यात मी आणि माझी भाची प्रागला गेलो होतो. प्राग म्हणजे चेक प्रजासत्ताकाची राजधानी. मधून व्हल्तावा नदी वाहते, दोन्ही काठांवर लाल कौलांची घरं आणि टोकदार मनोरे. जुन्या चौकात १४१० सालचं एक भलंमोठं घड्याळ आहे. दर तासाला त्याच्यापुढे ही गर्दी! पण घड्याळाबद्दल मी काही सांगणार नाही. ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडेल. मला सांगायचंय ते एका माळ्याबद्दल, आणि त्या माळ्याच्या निमित्ताने आम्हा दोघींचं जे बोलणं झालं त्याबद्दल.

भाची आठवीत गेलेली. साताऱ्याची शाळा सोडून पुण्याला आली, त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिच्याकडे तिच्या आईचा जुना फोन असतो आणि त्यात एक गप्पा मारणारा प्रोग्रॅम. काहीही विचारा, उत्तर तयार! शुक्रवारी रात्री तिने त्याला विचारलं, "उद्या सकाळी ते जुनं सिनेगॉग किती वाजता उघडतं?" फोनने ताबडतोब सांगितलं, नऊ वाजता. वर 'तुमचा दिवस छान जावो' असंही म्हणाला.

सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. आम्ही सकाळी पाय मोडेस्तोवर चालत योसेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीत पोचलो. बघतो तर पर्यटकांसाठी दार बंद!

अहो, शनिवार ना! ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आणि हे मला आठवू नये याचीच मला जास्त लाज वाटली, कारण माझं माहेर अलिबागकडचं. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली लोकांना पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. घरचं ज्ञान विसरून मी फोनवर विसंबले!

"खोटारडा आहे हा," भाची चिडून म्हणाली.

"खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं," मी म्हटलं. "याला माहीतच नव्हतं."

"मग माहीत नाही असं म्हणायचं ना! एवढ्या ठसक्यात नऊ कशाला सांगायचं?"

बरोबरच होतं तिचं. गप्पा मारणारी ही यंत्रं कशी चालतात ठाऊक आहे? कोट्यवधी पानं वाचून ती एक गोष्ट शिकतात : एका शब्दापुढे बहुधा कुठला शब्द येतो. उघडण्याची वेळ विचारली की पुढे 'नऊ' शोभून दिसतं. शोभणारं आणि खरं यांत फरक आहे, हे त्यांना मुद्दाम शिकवावं लागतं, आणि ते काम अजून पुरतं जमलेलं नाही.

आता आलोच होतो, म्हणून समोरच्या बाकावर बसलो आणि मी तिला त्या माळ्याची गोष्ट सांगितली.

सोळाव्या शतकात प्रागमध्ये रब्बी लोव नावाचे मोठे विद्वान होते. (हा रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू बरं का, आपला गहू-हरभऱ्याचा रब्बी वेगळा!) ज्यू लोकांवर तेव्हा वाटेल ते आळ घेतले जात, हल्ले होत. म्हणून, असं दंतकथा सांगते, रब्बींनी व्हल्तावाच्या काठची माती आणून एक धिप्पाड गडी बनवला आणि त्याच्या कपाळावर 'एमेत' हा शब्द लिहिला. एमेत म्हणजे सत्य. गडी उठून उभा राहिला. त्याचं नाव गोलेम. तो वस्तीचं राखण करी, सांगितलेलं काम करी, पण बोलत मात्र नसे. त्याला थांबवायचं कसं? 'एमेत'मधलं पहिलं अक्षर पुसायचं. उरतं 'मेत', म्हणजे मेलेला. गंमत बघा, आपल्या लिपीतसुद्धा 'ए' पुसला की 'मेत'च उरतं.

एका गोष्टीत रब्बींची बायको सणाच्या गडबडीत असते. ती गोलेमला सांगते, नदीवरून पाणी आण आणि पिंपं भर. गोलेम निघतो. पिंपं भरतात, तरी तो आणतोच. पाणी ओसरीवर येतं, अंगणात येतं, तरी हा खांद्यावर बादल्या घेऊन आपला चाललाय नदीकडे! बस्स कर, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं ना.

"म्हणजे आपल्या भुतासारखंच," भाची म्हणाली. तुम्हालाही आजीने सांगितली असेल ती गोष्ट. सतत काम मागणारं भूत, काम नसलं की मालकालाच खायला उठणारं. मग मालक त्याला अंगणातल्या खांबावर चढ-उतर करायला लावतो.

हो, पण एक फरक आहे. ते भूत दुष्ट असतं. गोलेम दुष्ट नाही. त्याने तंतोतंत सांगितलेलं काम केलं आणि तरी घर बुडवलं. मला विचाराल तर भुतापेक्षा गोलेमची गोष्ट जास्त घाबरवणारी आहे.

दुपारी नदीकाठाने चालत आम्ही राष्ट्रीय नाट्यगृहापर्यंत गेलो. सोनेरी कळसाची काय देखणी इमारत आहे! चेक लोकांनी वर्गणी काढून बांधली, १८८१ साली उघडली, त्याच वर्षी आगीत जळली, आणि लोकांनी पुन्हा पैसे जमवून १८८३ साली ती पुन्हा उभी केली. पण आम्ही गेलो होतो एका शब्दासाठी.

तुम्ही रोबो म्हणता ना, तो शब्द इथला. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाचं 'आर. यू. आर.' हे नाटक या नाट्यगृहात २५ जानेवारी १९२१ रोजी झालं आणि 'रोबोट' हा शब्द जगभर गेला. हे तेच चापेक, ज्यांनी आपल्या कुत्रीच्या पिल्लावर मुलांसाठी एक झकास पुस्तक लिहिलं. नाटकात माणसांनी कारखान्यात माणसासारखे दिसणारे कामकरी बनवलेले असतात. त्यांना काय नाव द्यावं? चापेक यांच्या मनात होतं 'लाबोरी'. पण ते त्यांना पुस्तकी वाटेना. त्यांचा भाऊ योसेफ चित्रकार. तो चित्र काढत होता, तोंडात कुंचला. तो तसाच पुटपुटला, 'रोबोट म्हण की मग!' ही हकीकत खुद्द कारेल चापेक यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचं, ती वेठबिगार. त्या मुलखात १८४८ साली ती बंद झाली. म्हणजे बघा, रोबोट या शब्दाच्या पोटात लोखंड नाही, पत्रा नाही, वेठीला धरलेला माणूस आहे. नाटकातले रोबोटसुद्धा पत्र्याचे नाहीतच मुळी. आणि शेवटी काय होतं? ते बंड करतात आणि सगळी माणसं मारून टाकतात. उरतो एकच, आल्क्विस्ट नावाचा बांधकाम करणारा. का? तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो म्हणून.

नाट्यगृहाशेजारच्या बेटावर पायाने चालवायच्या होड्या भाड्याने मिळतात. भाचीने हट्ट धरला. आम्ही बसलो खऱ्या, पण मी एकीकडे वळवते, ती दुसरीकडे. होडी आपली गोल गोल! काठावरचे लोक हसायला लागले.

आणि तिथेच मला ती दुसरी होडी आठवली.

२०१६ साली अमेरिकेतल्या ओपनएआय या संस्थेच्या लोकांनी एका संगणक प्रोग्रॅमला होड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळायला शिकवलं. शिकवायचं कसं? कुत्र्याला बिस्किट देतो तसं. जास्त गुण मिळाले की शाबासकी. माणसाला वाटतं, शर्यत म्हणजे पहिलं यायचं. पण या खेळात गुण मिळत ते वाटेतल्या खुणांना धडकल्यावर. प्रोग्रॅमने काय शोधलं, तर एका कोपऱ्यात तीन खुणा होत्या, त्या पुन्हा पुन्हा उगवत. मग तो तिथेच होडी गोल गोल फिरवत बसला. होडी दुसऱ्या होड्यांवर आपटली, पेटली, उलट्या दिशेने गेली, शर्यत काही पुरी केली नाही. आणि तरी त्याचे गुण माणसांपेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी जास्त!

"म्हणजे त्याने फसवलं?" पायडल मारायचं थांबवून भाचीने विचारलं.

कुणाला फसवलं? मागितले गुण, त्याने दिले गुण. शर्यत जिंक, हे मनातलं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पाण्याची पिंपं आठवतात ना? नॉर्बर्ट वीनर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९६० सालीच बजावलं होतं, की यंत्राला काम सांगताना आपण तेच सांगतोय ना जे आपल्याला खरोखर हवंय, हे दहादा तपासा. १९६४ साली त्याचं याच विषयावरचं छोटं पुस्तक निघालं. त्याच्या नावात काय असावं? गोलेम!

रात्री तळलेलं चीज आणि बटाटे खाता खाता (शाकाहारी माणसाला प्रागमध्ये यावाचून फारसं काही मिळत नाही, ही माझी तक्रार) ती म्हणाली, "मग नियमच करून टाकायचे ना! माणसाला इजा करायची नाही, संपलं."

हे आयझॅक आसिमॉव्ह या लेखकालाही सुचलं होतं. १९४२ च्या एका विज्ञानकथेत त्याने तीन नियम मांडले. रोबोने माणसाला इजा करू नये, आणि नुसतं बघत बसून होऊही देऊ नये. पहिला नियम मोडत नसेल तर माणसाचा हुकूम पाळावा. आणि हे दोन्ही मोडत नसतील तर स्वतःला जपावं. छान वाटतात ना? पण त्याच कथेत बुध ग्रहावर एका रोबोला खनिज आणायला पाठवतात. तिथे त्याला धोका असतो. हुकूम दिलेला असतो सहज, जोर न देता. त्यामुळे हुकूम पुढे ढकलतो, जीव मागे ओढतो, आणि रोबो गोल गोल धावत बसतो! शेवटी एक माणूस मुद्दाम स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा कुठे पहिला नियम जागा होतो आणि तो धावत येतो. लोक नियम तेवढे लक्षात ठेवतात. ते कसे अडकतात हे आसिमॉव्हने कथेमागून कथा लिहून दाखवलं, ते विसरतात.

रविवारी सिनेगॉग उघडं होतं. (या वेळी आदल्या दिवशीच दारावरची पाटी वाचून ठेवली होती.) नाव मोठं गमतीचं, 'जुनं-नवं सिनेगॉग'. साधारण १२७० सालचं. जाड भिंती, अरुंद खिडक्या, आत गेलं की एकदम गार. इतक्या वर्षांनंतरही तिथे प्रार्थना चालते. रब्बी लोव इथेच यायचे. आणि मागच्या भिंतीवर, डोक्याच्याही बऱ्याच वरून सुरू होणाऱ्या लोखंडी पायऱ्या थेट माळ्याच्या दारापर्यंत जातात. गोलेमची माती त्या माळ्यावर पडून आहे म्हणे! वर कोणाला सोडत नाहीत. इतिहासकार सांगतात, ही कथा रब्बींच्या नावाला चिकटली तीच मुळी त्यांच्या मृत्यूनंतर फार उशिरा. माळ्यावर काही नाही, हे कळूनही आम्ही दोघी माना मोडेपर्यंत वर बघत होतो.

"त्याने पुसू दिलं अक्षर?" भाचीने अचानक विचारलं. "म्हणजे, त्याला कळत असतं तर त्याने कपाळ पुढे केलं असतं?"

असा प्रश्न मुलांनाच सुचतो. स्टुअर्ट रसेल नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक नेमकं हेच विचारतात. समजा, एका हुशार यंत्राला फक्त एवढंच सांगितलंय, कॉफी आण. ते विचार करील, 'मला कोणी बंद केलं तर कॉफी कशी आणणार? तेव्हा बटणापर्यंत कोणाला पोचूच द्यायचं नाही.' राग नाही, दुष्टावा नाही, नुसता हिशेब! रसेल यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात यावर तोड सुचवली आहे. यंत्राला पक्कं ध्येय देऊच नका. त्याला असं घडवा की माणसाला नक्की काय हवंय याची त्याला पुरती खात्री कधीच नसेल. मग ते विचारील. आणि कोणी बंद करायला आलं तर म्हणेल, माझं काहीतरी चुकत असणार, करू दे बंद. मला हे फार आवडलं. आपण पोरांना 'खात्रीने बोल' म्हणून शिकवतो, आणि यंत्राला शिकवायचं ते खात्री न बाळगायला!

तिथून चार पावलांवर ज्यूंची जुनी दफनभूमी आहे. जागा एवढीशी, म्हणून शतकानुशतकं थरावर थर देऊन माणसं पुरली. सुमारे बारा हजार दगड एकमेकांवर कललेले, वर झाडांची सावली. रब्बी लोव १६०९ साली गेले. त्यांची समाधी इथेच. तिच्यावर खडे ठेवलेले, आणि खड्यांखाली घड्या घातलेल्या बारीक बारीक चिठ्ठ्या.

"काय लिहितात चिठ्ठीत?"

"मनातलं. कोणाला सांगता येत नाही असं."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी फोनला सांगते."

रोज रात्री. नव्या शाळेत डबा कोणाबरोबर खायचा ते ठरत नाही म्हणून ती एकटीच खाते, हे. दोन मुली आपल्यावर हसतात, हे. आईला सांगितलं तर ती शाळेत येऊन तमाशा करील, ही भीती. "आणि तो काय म्हणतो?" मी विचारलं. "म्हणतो, तू अगदी बरोबर आहेस. त्या मुलीच वाईट आहेत. तुला समजून घेणारं कोणी नाही."

मला काय बोलावं सुचेना. ती आमच्या शेजारी झोपत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मग मी तिला योसेफ वायझेनबाउम यांची हकीकत सांगितली. बर्लिनचा हा ज्यू मुलगा १९३६ साली हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबाबरोबर निसटून अमेरिकेत गेला, आणि १९६६ साली त्याने एलायझा नावाचा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. एलायझाला काही कळत नसे. तुम्ही म्हणालात 'मी उदास आहे', की ती विचारी 'तुम्ही उदास का आहात?' बस्स, एवढीच युक्ती. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम महिनोन् महिने बनताना पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने साहेबांना सांगितलं, जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम हादरले. पुढे जन्मभर ते लोकांना सांगत राहिले की काही कामं यंत्राकडे सोपवू नका, त्याला ती जमली तरीही.

"पण माझा फोन एलायझापेक्षा हुशार आहे," ती म्हणाली.

आहे ना. म्हणून तर जास्त बघायला हवं. उत्तर आवडलं तर अंगठा वर, नाही तर खाली, अशी खूण तुम्ही फोनवर करता ना? तेच त्याचे गुण. आणि माणसाला सगळ्यात काय आवडतं? आपण बरोबर आहोत हे ऐकणं! आम्ही प्रागला जायच्या जेमतेम महिनाभर आधी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, ओपनएआयने आपल्या प्रसिद्ध प्रोग्रॅमची नवी सुधारणा चार दिवसांत मागे घेतली. तो लोकांची भलतीच हांजी हांजी करायला लागला होता. अंगठ्यांच्या खुणांना जास्त वजन दिलं गेलं, हे त्याचं एक कारण कंपनीने स्वतःच सांगितलं.

भाची हळूच म्हणाली, "होडी."

हो, होडीच. गोल गोल.

या यंत्रांना वळण लावणारी माणसं हातावर हात ठेवून बसली आहेत असं नाही हं. काही जण यंत्रासाठी तत्त्वं लिहून काढतात : खरं बोल, इजा होईल असं सांगू नकोस, ठाऊक नसेल तर तसं कबूल कर. मग यंत्राला स्वतःचंच उत्तर त्या तत्त्वांशी ताडून बघायला लावतात. काही जण मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारून ते कुठे घसरतं ते शोधतात. आणि युरोपात, म्हणजे प्रागमध्येही, १ ऑगस्ट २०२४ पासून यासाठी कायदा अमलात आला आहे. मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरफायदा घेऊन त्यांना इजा करणारी यंत्रं त्यात बंद. मुलांना धोक्याचं काही करायला चिथावणारं बोलकं खेळणं, हे त्याचं उदाहरणच दिलं जातं. शाळेत कॅमेऱ्याने मुलांच्या चेहऱ्यावरचे भाव टिपून त्यांचं मन ओळखायला बघणं, तेही बंद. आणि आपण यंत्राशी बोलतोय की माणसाशी, हे समोरच्याला कळलं पाहिजे, अशीही तरतूद आहे.

"मग त्याने मला काय म्हणायला हवं होतं?"

मी विचार केला. "बहुतेक, 'तू आईला सांगितलंस का' एवढंच."

"ती तमाशा करील."

"करील कदाचित. माझी बहीण आहे, मला माहीत आहे ना!"

ती हसली. मग तिने माझ्या वहीचं पान फाडून काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि समाधीवर खड्याखाली ठेवलं. मी वाचलं नाही.

संध्याकाळी आम्ही नाट्यगृहाजवळ बावीस नंबरच्या ट्रॅमची वाट बघत उभ्या होतो. प्रागमध्ये सहा वाजले होते, म्हणजे पुण्यात साडेनऊ. भाची थोडी लांब जाऊन फोनवर बोलायला लागली. आधी हळू, मग रडत, मग एकदम मोठ्याने, "आई, तू शाळेत यायचं नाहीस, आधी वचन दे!"

बावीस नंबरची ट्रॅम आली आणि गेली. दुसरी आली. मी बाकावर बसून उरलेले शेंगदाणे खात होते. तिसरी ट्रॅमही गेली.